मधलं पाणी

अक्का, सकाळी मनीषाचा फोन आला होता. मधल्या जागेत कोणतं कापड लावू, असं विचारत होती. तुझीच लेक ती. उत्तर आधी ठरवलं आणि मग प्रश्न विचारला. ओतूरच्या दुकानात तिनं एक निळं सुती कापड बघून ठेवलंय. "मामा, तुमी फक्त हो म्हणा," म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्टुडिओत गिऱ्हाईक आलंय असं सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पासपोर्ट फोटोसाठी लावलेला पांढरा पडदा होता आणि त्याच्यापुढच्या स्टुलावर मीच बसलो होतो.

तुझी शेवटची गोधडी मढच्या घरात, आतल्या खोलीत, तू सोडलीस तशीच आहे. चारी बाजूंनी शिवत शिवत तू आत आलीस. कडेला काठाची माती, मग गाळ, मग उथळ पाणी, मग खोल पाणी. आणि अगदी मध्ये, एखादं ताट मावेल एवढी जागा मोकळी. तिथं खालचं अस्तर दिसतं, दाजींच्या जुन्या धोतराचं. त्या जागेच्या कडेला तुझी सुई टोचलेली आहे आणि सुईत दोरा आहे. ती सुई काढायचं धाडस होत नाही, असं मनीषा म्हणते. मलाही झालं नाही.

अडचण अशी आहे की आळीतल्या बायका येऊन तिला सांगतात, उघड्या पोटाची गोधडी घरात ठेवू नये. हे त्यांना शिकवलं कुणी, तर तू. मधला तुकडा लावताना त्याच्याखाली भाकरीचा एक कुटका ठेवायचा, मग टाके घालायचे. गोधडीचं पोट भरलं की पांघरणारा उपाशी राहत नाही. आता तू गेलीस आणि गोधडी उपाशी राहिली. बायकांना त्याचं वाईट वाटतं, मनीषाला भीती वाटते. दाजी त्या खोलीत झोपायचे, ते आता पडवीत अंथरूण टाकतात.

पाणी म्हणजे निळं, लावून मोकळं होऊ, असं मनीषाचं म्हणणं. निळं लावू दिलं तर तू मला काय काय म्हणशील ते मला पाठ आहे. म्हणून हे लिहायला बसलोय. तू होतीस तेव्हा आपण एकमेकांना कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. फोनवर भांडायचो, त्यात भागायचं. आता भांडायला तू फोन उचलत नाहीस.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या फोटोमुळं, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. निदान आता मध्ये न बोलता ऐकून घे. मढला एका लग्नाची ऑर्डर होती. नवऱ्याची गाडी माळशेजच्या घाटात अडकली आणि मांडवात सगळे ताटकळले. ऊन मरणाचं. वेळ काढायला म्हणून मी धरणाच्या काठावर गेलो. पिंपळगाव जोग्याचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं आणि सरताना काठावर एकाखाली एक रेघा सोडत जातं. आज इथवर होतं, परवा तिथवर होतं, असा सगळा हिशेब मातीवर उमटतो. मी चार-पाच फोटो काढले. संध्याकाळी तुझ्याकडं जेवायला आलो तेव्हा नवरी दाखवायला म्हणून कॅमेरा तुझ्या हातात दिला. तू बटणं दाबत दाबत नवरीला मागं टाकून त्या काठावर येऊन थांबलीस.

"ह्यो काय फोटू म्हणायचा का?" तू म्हणालीस. "ही तर गोधडी हाय. टाकं दिसत न्हाईत व्हय रं तुला?"

मी म्हटलं, फोटो मी काढलाय. तर तू म्हणालीस, "काढलास तू. दिसली मला."

पुढच्या वेळी येताना मी तो फोटो मोठा करून आणला. तू तो जात्याच्या वरच्या भिंतीला चिकटवलास आणि जुन्या कपड्यांची गाठोडी सोडून बसलीस. तोवर तू गोधड्या शिवायचीस त्या चौकोनाला चौकोन जोडून, सगळ्याजणी शिवतात तशा. ही पहिली अशी की जिच्यात चौकोन नव्हता. नुसते वाकडेतिकडे पट्टे आणि त्यांच्यावरून धावणारा पांढरा दोरा. दाजी बघून म्हणाले होते, चुकली वाटतं. तू म्हणालीस, पाणी सरळ सरतं का?

मग मला काम लागलं. लग्न मढला असो की आळेफाट्याला, तुझं एक मागणं ठरलेलं. कुकडीचं पाणी आण, कालव्याचं आण, माणिकडोहाचं आण. मी आणायचो आणि तू नाक मुरडायचीस. आमचा धंदा तुला ठाऊक आहे. नवरी सावळी असली तर अल्बममध्ये तिला दोन हात उजळ करावं लागतं, नाहीतर सासू पैसे देताना तोंड वाकडं करते. बोटांना तीच सवय. पाण्याचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला की माझा हात आपोआप निळा रंग वाढवायचा. एकदा तू तसा एक प्रिंट खिडकीशी नेलास, उलटा केलास, सुलटा केलास आणि म्हणालीस, "बाळू, तू पान्याला पावडर लावतूस."

त्या दिवसापासून घरात माझ्या फोटोंना पावडरवाले म्हणायला लागले. मनीषा तेव्हा शाळेत होती, तीसुद्धा हसायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण मी पावडर लावायची बंद केली आणि मग मला पहिल्यांदा दिसलं, की आपल्याकडचं पाणी निळं असतं ते फार थोडा वेळ. बाकी सगळा वेळ ते मातकट असतं, राखेच्या रंगाचं असतं, हिरवट असतं, दुपारी तर त्याला रंगच नसतो. हे मला तुझ्यामुळं दिसलं. बघ, मी कबूल करतो. माझं मन तुझ्याएवढं घट्ट नाही.

आणि तुझ्या पाण्यात नवं कापड कधी आलं नाही. नवं कापड अंगाला लागत नाही, त्याला अजून कुणाची ओळख नाही, असं तू म्हणायचीस. मढच्या घराघरातून तुझ्याकडं कपडे यायचे. शाळेच्या खाकी चड्ड्यांचा तू गाळ केलास. कुणाच्या तरी परकराचं उथळ पाणी केलंस. एका म्हाताऱ्याचा विटलेला सदरा होता, त्याचं तू सकाळचं धुकं करून टाकलंस आणि ती गोधडी त्याच्याच सुनेला दिलीस. ती सून अजून सांगते, सासरे होते तेव्हा बोलायचे नाहीत, आता रोज पांघरते. तेव्हा मनीषाच्या त्या ओतूरच्या कापडाचं मी काय करू, तूच सांग.

पुण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी आपल्या दोघांचं मिळून प्रदर्शन लावलं होतं, त्याची मला आज फार आठवण येते. एका भिंतीला माझा फोटो, शेजारी तुझी गोधडी. खाली छोट्या पाट्या होत्या, हात लावू नये. ती पाटी वाचून तू दिवसभर अस्वस्थ होतीस. हात लावू नये तर मग शिवली कशाला, हे तू मला पाच-सहा वेळा तरी विचारलंस. तिथं एसी लावलेला आणि तुला थंडी सोसत नाही. मी चहा प्यायला खाली उतरलो, परत येतो तर भिंत रिकामी. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन, माणिकडोहाचं अख्खं पाणी अंगावर ओढून बसली होतीस. चार-दोन लोक तुझ्यापुढं उभे राहून आदरानं बघत होते. त्यांना वाटलं, हा प्रदर्शनाचाच भाग आहे. एकानं तर मला विचारून तुझा फोटो काढला. मी बाईंची माफी मागत होतो आणि तू त्यांना सांगत होतीस, "बाई, लई ऊबदार हाय. तुमी बसून तर बगा."

बाई बसल्या. खरंच बसल्या. मला तेव्हा लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं होतं. आता वाईट वाटतं, त्या दिवसाचा एकसुद्धा फोटो मी काढला नाही.

पण माझं खरं भांडण त्यातलं नाही. खरं भांडण डिंभ्याच्या धरणावर सुरू झालं. जुन्नरहून मोटारसायकलवर निघालो होतो आपण. तू मागं, आणि ट्रायपॉड मांडीवर आडवा. समोरून एसटी आली की मी ओरडायचो, उभा धर, उभा धर. तू म्हणायचीस, तू गाडी बघ, माझं मी बघते. घोडेगाव मागं टाकून आंबेगावच्या त्या डोंगरात शिरलो आणि पाणी दिसलं तशी तू गप्प झालीस. तू गप्प बसलीस की मला भीती वाटायची. काठावरच्या खडकावर बसून तू कितीतरी वेळ मध्ये बघत होतीस. तिथं एक होडी होती, मासे धरणाऱ्यांची.

"तितं मदी जाऊन फोटू काढ," तू म्हणालीस.

मी म्हटलं, जायची गरज नाही, झूम आहे. इथून काढला तरी तिथलंच पाणी दिसतं. त्यावर तू मान हलवलीस. काठावरनं दिसतं ते आभाळ, पाणी नव्हे, असं तुझं म्हणणं. पाण्याच्या मध्ये जाऊन सरळ खाली बघितलं तर पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो आणि तो काठावरून कुणाला दिसत नाही. मी तुला फिल्टर समजावून सांगितला. काच लावली की पाण्यावरचं आभाळ निघून जातं, हे गोल फिरवून दाखवलंसुद्धा. तू काचेतून बघितलंस, बरं आहे म्हणालीस आणि वर म्हणालीस, "आता ही काच घिऊन मदी जा."

मी गेलो नाही. का, ते तुलाच ठाऊक होतं आणि तू ते दाजींपुढं, मनीषापुढं, चहाला आलेल्या पाहुण्यांपुढं हसत हसत सांगायचीस, पण माझ्या बुडण्याचं तेवढं, स्वतःच्या पोहण्याचं नाही. लहानपणी पिंपळवंडीला आपल्या घरच्या विहिरीत आप्पांनी आपल्या दोघांना पोहायला शिकवलं, कमरेला दोर बांधून. तू तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोर सोडून दिलास. मी दोरासकट बुडालो, नाकातोंडात पाणी गेलं आणि मी वर आलो तो कायमचा वर आलो. पुढं कुकडीच्या डोहावर तू पोहायचीस आणि मी काठावर कपडे सांभाळायचो. तू मधोमध जाऊन तोंड पाण्यात घालायचीस आणि हलायची नाहीस. मला वाटायचं, बुडालीस. मी रडायला लागायचो. मग तू डोकं वर काढून ओरडायचीस, "अरं, लई भारी दिसतंय." काय दिसतंय ते कधी नीट सांगितलं नाहीस. रंग, म्हणायचीस. कसला रंग विचारलं तर म्हणायचीस, त्याला नाव नाही.

तोच रंग तू आयुष्यभर शोधत होतीस. माझ्या फोटोंत शोधलास, गाठोड्यांत शोधलास. प्रत्येक गोधडीच्या मध्ये तू काहीतरी लावायचीस आणि हातभर लांब जाऊन बघून म्हणायचीस, जवळ आलंय, पण ते नव्हे.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. लग्न होऊन तू मढला गेलीस आणि तुझ्या परड्यातून धरणाचं पाणी दिसायचं. इतकी वर्षं. पण पाय भिजवण्यापलीकडं तू त्या पाण्यात उतरली नाहीस. सासरी सून धरणात पोहते, हे तेव्हा कुणाला चाललं नसतं, आणि पुढं चाललं असतं तेव्हा तुझे गुडघे गेले होते. तू कधी तक्रार केली नाहीस. सासूबाईंबद्दल वाकडा शब्द बोलली नाहीस. पण परड्यात कपडे वाळत घालताना तू मध्येच थांबून पाण्याकडं बघायचीस, ओला पिळा हातात तसाच, पाणी तुझ्या पायांवर ठिबकत. ते मी बघितलंय. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस की नाही, कोण जाणे. बहुतेक म्हणाली असतीस, तुझं काहीतरीच.

आजारपणात मी यायचो तेव्हा गोधडी तुझ्या शेजारी पसरलेली असायची. बसवेल तेवढं बसायचीस, चार टाके घालायचीस, पुन्हा आडवी व्हायचीस. शेवटचं आपलं बोलणं झालं ती दुपार होती. मनीषा चहा टाकायला आत गेली होती. तू त्या मोकळ्या जागेवर हात ठेवलास.

"मदलं तेवढं ऱ्हायलं बग," तू म्हणालीस. "पर बाळू, मला आता कळंना झालंय. त्यो रंग खरंच व्हता, का मीच उगं धरून बसले?"

मी म्हटलं, होता. खरंच होता.

तू हसलीस. "तू काय सांगतूस? तू काठाव व्हतास."

मग चहा आला. तू बशीतून दोन घोट घेतलेस आणि मला दुकान कसं चाललंय ते विचारलंस. मी सांगत बसलो. मोबाईलमुळं आता कोण फोटो काढून घेतं, वगैरे. शेवटच्या भेटीत माणूस कशावर बोलतो बघ. मला कुठं ठाऊक होतं?

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. मी जुन्नरला परत आलो, मनीषाचा तो फोन आला, हे पत्र इथवर लिहून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही न ठरवता कॅमेरा घेऊन पुन्हा मढची एसटी धरली. घरी आलो नाही, सरळ काठावर गेलो. तिथं लक्ष्मण होता. मासे धरतो तो, तुझ्या तेराव्याला पंगतीत वाढायला होता. मी त्याला म्हटलं, मला मध्ये घेऊन चल. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या पँटकडं बघितलं.

"पवता येतं का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग मदी काय काम काढलं, भाऊ?"

मी म्हटलं, अक्काचं काम आहे. त्यानं जाळं बाजूला सारून मला बसायला जागा केली. अक्का, ती होडी म्हणजे नुसता पत्रा होता. मी दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरल्या आणि डोळे मिटले. लक्ष्मण वल्हवत होता आणि मला धीर द्यायला त्याच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची हकिगत सांगत होता. ती मला एक अक्षर कळली नाही. मध्येच म्हणाला, "भाऊ, खाली बगू नका, गरगरंल." मला त्या भीतीतसुद्धा हसू आलं. खाली बघायलाच तर आलो होतो.

होडी थांबली. वारा नव्हता. ऊन डोक्यावर आलेलं. मी डोळे उघडले आणि कडेवरून सरळ खाली बघितलं.

अक्का, आभाळ नव्हतं त्यात.

गर्द होतं. हिरवं म्हणावं तर काळ्याकडं झुकलेलं, काळं म्हणावं तर आतून उजेड असलेलं. होडीची सावली पाण्यात पडली होती आणि त्या सावलीच्या भोवती उन्हाच्या फिकट रेघा खोल खाली जात होत्या, सगळ्या एका जागी मिळायला निघाल्यासारख्या. जास्त धुतलेल्या कापडावर घड्यांच्या जागी रंग उडून रेघा पडतात ना, तशा. मी किती वेळ बघत होतो ते मला माहीत नाही. भीती वाटायची थांबली होती असं नाही. भीती वाटत होती आणि तरी मला वर बघायचं नव्हतं. तू तोंड पाण्यात घालून का हलायची नाहीस, ते मला इतक्या वर्षांनी समजलं, आणि समजल्याबरोबर तुला सांगावं म्हणून मी मागं वळलो. मागं लक्ष्मण होता. तो तंबाखू मळत होता.

मी रडलो. त्यानं दुसरीकडं बघितलं, भला माणूस आहे.

फोटो काढले, अर्थात. काच लावून काढले, काच न लावता काढले. एकही आला नाही. पडद्यावर नुसता काळा डाग दिसत होता. तेव्हा मी कॅमेरा बंद केला आणि तो रंग डोळ्यांत धरून काठावर उतरलो. काठावरून तुझ्या घरापर्यंत चालत आलो ते खाली मान घालून. वाटेत दोघांनी रामराम घातला, त्यांना उत्तर दिलं नाही. दुसरं काही बघितलं तर तो रंग सांडेल असं वाटत होतं. मढमध्ये आता म्हणत असतील, बहीण गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलंय.

मनीषा दारात होती. मी तिला म्हटलं, गाठोडी सोड. तिनं सगळी सोडली. आम्ही खोलीभर कपडे पसरले. हिरव्याला हिरवं लावून बघितलं, काळ्याला काळं. हे जास्त पोपटी, हे जास्त मेलेलं. दाजी दारात येऊन उभे राहिले, बघत राहिले, परत पडवीत गेले. एकही तुकडा तो नव्हता. माझ्या डोळ्यांतला रंग उतरायला लागला होता आणि मी घाईला आलो होतो. तेवढ्यात कपाटाच्या खालच्या फळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी दिसली, तोंडाला गाठ मारलेली. आत तुझं पातळ होतं.

ते हिरवं, अक्का. बाजारातून आणलंस तेव्हा कसं गडद होतं, आठवतं? धुऊन धुऊन ते काळपट झालेलं आणि घड्यांवर फिकट रेघा उठलेल्या. तू आजारपणात तेच नेसायचीस, मऊ पडलंय म्हणून. मदलं ऱ्हायलं म्हणालीस तेव्हा तुझ्या अंगावर तेच होतं आणि त्या मोकळ्या जागेवर तुझा हात होता. जगभर शोधलंस आणि ते तुझ्या अंगावर होतं, असं मला तिथं ओरडावंसं वाटलं. तुला तो रंग कळला नाही, कारण स्वतःचं पातळ तू फाडायला कधी काढलंच नव्हतंस. तू बाकी सगळ्यांचे कपडे पाण्यात घातलेस.

मी पिशवीकडं हात केला. मनीषानं ती माझ्याआधी उचलली.

मी तिला सगळं सांगितलं. होडी, लक्ष्मण, सरळ खाली बघणं, त्या रेघा. तुझं डोहातलं पोहणंही सांगितलं. ते तिला ठाऊकच नव्हतं. आई पोहायची, असं तिनं दोनदा म्हणून बघितलं. मग तिनं पिशवीतून बाहेर दिसणारा रंग आणि गोधडीतली मोकळी जागा आळीपाळीनं बघितली. तिला पटलं होतं. तुझी नजर तिच्यात आहे, मला दिसलं. निळ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. पण पिशवीची गाठही सोडली नाही. ती छातीशी धरून जमिनीवर बसली.

"मामा," ती म्हणाली, "आजून आईचा वास हाय त्याला. वास जाऊ द्या. मग मीच फाडते."

आळीतल्या बायकांना काय सांगायचं, असं मी विचारलं. त्यांचं मी बघते, म्हणाली. मग तिनं एवढीशी गाठ सैल केली आणि पिशवी माझ्यापुढं धरली. मी वाकून वास घेतला. चुलीचा धूर होता, खोबरेल होतं, आणि तू होतीस. तिनं लगेच गाठ घट्ट केली, जास्त उघडलं तर लवकर संपेल म्हणून.

आता पुन्हा स्टुडिओत बसून पत्राचं हे उरलेलं मी तुला सांगतोय. तो रंग होता, अक्का. मी मध्ये जाऊन बघून आलो. तुझी गोधडी पुरी झालेली मला बघायची आहे, तिच्या मध्ये तो रंग लागलेला बघायचा आहे. आणि त्या पातळाचा वास कधीच जाऊ नये असंही मला वाटतं. दोन्ही होणार नाही. कोणतं मागू?